सुईशिवायची वर्षं

साध्या आजाराची लोक चौकशी करतात आणि विसरून जातात. पण गावात कुणी ऐकला नाही असा आजार झाला, की घरात-दुकानात किस्से साचत जातात. माझ्याकडे असे बरेच साचलेत.

औंढ्यात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतपंपांच्या जळालेल्या मोटरी आम्ही नवी तार भरून चालू करून देतो. मला लहानपणापासून शुगर. रोज इन्सुलिनच्या सुया. पुढे किडन्याही गेल्या. मग पुण्यात एकाच ऑपरेशनमध्ये किडनी आणि स्वादुपिंड, म्हणजे इन्सुलिन तयार करणारा अवयव, असे दोन्ही बसवले. सुया बंद झाल्या.

*

गावी आलो आणि सिद्धेश्वरकडचे एक काका मोटर घेऊन दुकानात आले.

"जुनं काढून फेकलं का?"

"न्हाई काका, जुनं जागच्या जागी आहे. नवं खाली पोटात बसवलंय."

काका बराच वेळ माझ्या पोटाकडे बघत राहिले. "म्हंजे जुनी मोटर हिरीतच ठेवली अन् बाजूला दुसरी सोडली. वायर बराबर नवीलाच जोडली ना?"

टाके दुखेपर्यंत हसलो मी.

*

रफिक माझा भागीदार, शाळेपासूनचा दोस्त. मी चहात साखर घेत नाही म्हणून दुकानात त्यानेही कधी घेतली नाही. डॉक्टरांनी गोड खायची परवानगी दिली, त्या दिवशी मी दोन साखरेचे चहा मागवले. रफिकने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"काहून रे?"

"पिववत न्हाई यार. तुझ्यापायी आदतच गेली."

पण कप त्याने पूर्ण संपवला.

*

माझी बायको वंदना ताट वाढायच्या आधी विचारायची, "सुई घेतली का?" ऑपरेशननंतरही तिची सवय जाईना. मी म्हणायचो, "अगं, आता लागत नाही." मग ती हसायची.

एकदा तिने न विचारताच ताट वाढलं.

"आज विचारलं न्हाई?"

"अगो बाई, विसरलेच की," म्हणाली आणि पदराने डोळे पुसत भाकरी टाकायला गेली.

*

काही वर्षं अशी छान गेली. मग एका उन्हाळ्यात जीभ कोरडी पडायला लागली. पाण्याचा तांब्या हातातून सुटेना. मला कळलं होतं, पण मी कुणाला बोललो नाही. रफिक दोन दिवस नुसता बघत होता. तिसऱ्या दिवशी त्याने भरदुपारी शटर ओढलं आणि म्हणाला, "चल. तपासून येऊ."

शुगर भयंकर वाढली होती. पुण्याला गेलो. डॉक्टर म्हणाले, "किडनी चांगली आहे. स्वादुपिंड मात्र शरीराने नाकारलं. ते आता काम करत नाही."

"मी एकही गोळी चुकवली नाही, डॉक्टर."

"माहीत आहे. तुमची चूक नाही."

*

घरी आल्यावर पहिली सुई घ्यायला बसलो. जन्मभर घेतलेली सुई, पण टोचवेना. वंदनाने ती माझ्या हातातून घेतली. "पोट सैल सोडा," म्हणाली आणि टोचली.

"दुखलं का?"

लहानपणापासून इतक्या सुया घेतल्या, पण असं कुणी विचारलं नव्हतं.

"व्हय," मी म्हणालो.

*

मी आईचा एकुलता एक. अवयव कुणाचे ते आम्हाला सांगितलेलं नाही. तरुण पोरगा होता, एवढंच कानावर आलं. आई त्याला 'ते लेकरू' म्हणायची. सणाला माझ्या ताटात एक पोळी जास्तीची पडायची. "ही त्याची."

स्वादुपिंड गेलं हे आईला सांगायचं धाडस बरेच दिवस होत नव्हतं. शेवटी एका सकाळी सांगितलं.

"म्हंजे ते लेकरू गेलं?"

"आई, ते तर तेव्हाच गेलं होतं. अन् त्याची किडनी चालू आहे की."

आई उठून मोरीत गेली. सकाळी एकदा आंघोळ झाली होती, तरी तिने पुन्हा डोक्यावरून पाणी घेतलं. वंदनाला म्हणाली, "आज गॅस पेटवू नको." आणि ओल्या केसांनी दारात येऊन बसली.

शेजारच्या काकू लगबगीने आल्या. "काय झालं वो? कोण गेलं?"

आई म्हणाली, "आमचं धाकटं."