गाडीत काहीतरी खाऊन राहिलंय

किस्से काही कोणी मुद्दाम जमवत नसतं. आमच्या दुकानात ते जुन्या स्क्रूसारखे आपोआप साठतात, झाडायला गेलं की एक तरी पायात घुसतोच! लोकांच्या किश्शांत लोक हसत असतात. माझ्या किश्शांत मी बहुतेक घाबरलेला असतो. आता सांगताना हसू येतं, तेव्हा येत नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो.

मी दत्ता, ऑटो इलेक्ट्रिशियन. नांदेडात देगलूर नाक्यावर मी अन् रशीदभाई मिळून दुकान चालवतो. रशीदभाई वाकून नुसता वास घेतो अन् कोणती वायर जळाली ते सांगतो. त्याला कशाचीच भीती वाटत नाही, असं तो स्वतः म्हणतो. मी म्हणत नाही.

आज अर्धापूरच्या एकाच गाडीचं सांगतो. त्या गाडीनं आम्हा दोघांचं रक्त आटवलं.

*

गाडी घेऊन आल्या सुनंदाताई, रिटायर मास्तर किशनराव सरांच्या मंडळी. सरांच्या किडन्या गेल्या, म्हणून पन्नाशीत गाडी शिकलेली बाई! दर मंगळवारी अन् शुक्रवारी सकाळी सातला नांदेडात सरांचं डायलिसिस. सहाच्या ठोक्याला घर सोडायचं.

आधीच्या मंगळवारी गाडी चालूच झाली नाही. नंबर हुकला. दुसऱ्या दिवशीचा नंबर मिळेपर्यंत सरांच्या अंगात पाणी भरलं. आडवं होता येईना, श्वास पुरेना.

"दत्ताभाऊ, अजून एकदा असं झालं तर माझा माणूस हातचा जाईल," ताई सरळ म्हणाल्या. आवाज शांत होता, पण गाडीची चावी काही हातातून सोडेनात.

सर मात्र स्टुलावर बसून मजेत. "दत्ता, माझी अन् गाडीची एकच केस हाय. दोघांलाबी चार्जिंगला नांदेडलाच आणावं लागतं!"

आम्ही हसलो. ताई हसल्या नाहीत. बॅटरी म्हातारी झाली होती, ती काढून नवीकोरी टाकली. "अब टेन्शन नक्को," रशीदभाई म्हणाला.

आठव्या दिवशी ताईंचा फोन आला. नवी बॅटरीसुद्धा उतरली होती!

*

बॅटरी उतरते म्हणजे काय, ते सांगतो. गाडी बंद, चावी खिशात, तरी एखादा दिवा, एखादी खराब वायर गुपचूप करंट ओढत असते. बॅटरीची एक वायर सोडवून मधी मीटर लावायचं. आकडा दिसला की आम्ही म्हणतो, "काहीतरी करंट खाऊन राहिलंय." मग एकेक फ्यूज उपसायचा. जो फ्यूज उपसल्यावर आकडा खाली आला, तो चोर.

मीटर लावलं. आकडा दणदणीत! रशीदभाई ड्रायव्हरच्या बाजूनं आत घुसला, डोकं खाली, पाय बाहेर. मी आकडा वाचून राहिलो.

"गिरा क्या?"

"न्हाई."

"अब?"

"न्हाई!"

घामाघूम झालो. अगदी शेवटचा फ्यूज ओढला अन् आकडा धाडकन खाली. "मिल गया रे!" रशीदभाई ओरडला. आम्ही दोघांनी मिठ्या मारल्या. ताईंनी डोळ्याला पदर लावला.

सर स्टुलावरून म्हणाले, "रशीदभाई, तुमी दार उघडं ठिवलंय म्हणून वरचा दिवा लागलेला हाय. तोच तर सापडला नव्हं?"

तोच सापडला होता!

दार लावून पुन्हा बघितलं. मीटर जवळजवळ शून्यावर.

*

मग एका शुक्रवारी दुपारी गाडी दुकानातच ठेवून घेतली. सोमवारी संध्याकाळी चावी फिरवली, हाफ सेल्फमधी, म्हणजे स्टार्टर जेमतेम फिरताच चालू! ताई गाडी घेऊन गेल्या, मंगळवारी सरांना आणलं-नेलं, अर्धापूरला लावली, अन् शुक्रवारी सकाळी गाडी कण्हायला लागली. शेजाऱ्यांनी धक्का मारला तेव्हा कशीबशी निघाली. आधी आठ दिवस पुरलेली बॅटरी आता तीन दिवस पुरेना. आमच्याकडं धडधाकट, त्यांच्याकडं आजारी!

मी म्हणलं, "ताई, घरी लावली की बॅटरीची वायर काढून ठेवा."

"अन् सकाळी माझे हात कापायला लागले तर बसवायची कोणी?"

शेवटी आम्हीच अर्धापूरला गेलो. पत्र्याच्या शेडमधी गाडी, शेजारी ओसरीवर सरांची आई. ऐंशीच्या पुढं वय, कान मात्र तिखट. मी मीटर लावलं, आकडा इथंही शून्यच. रशीदभाईला म्हणलं, "इथं आल्यावरच काहीतरी खाऊन राहिलंय."

आईनं ऐकलं. "काय खाऊन राहिलंय?"

"करंट, आई."

"कोण?"

"तेच तर दिसून न्हाई राहिलं!"

एवढंच बोललो हो मी. दुसऱ्या दिवसापासून आई तिन्हीसांजेला ताटलीत भाकर, कांदा अन् दहीभात घालून बॉनेटवर ठेवायला लागली. हात जोडून म्हणायची, "बाबा, जे कोण असशील ते. भूक लागली तर हे खा. करंट खाऊ नगंस."

अन् सकाळी ताटली चाटूनपुसून साफ! ताईंनी फोनवर सांगितलं तेव्हा भरदुपारी माझ्या अंगावर काटा आला. रशीदभाई म्हणाला, "चूहा होगा रे, हौले!" हौला म्हणजे येडा. पण तसं म्हणताना त्यानं गळ्यातला ताईत धरला होता, मी बघितलं.

उंदीरच होते. शुक्रवारी पहाटे त्यांनी बॉनेटखाली जाऊन हॉर्नची वायर कुरतडली. हॉर्न आपोआप सुरू झाला, बंदच होईना! अख्खी गल्ली जागी. ताई रडकुंडीला आल्या. सर उशाला टेकून धापा टाकत. अन् आई सगळ्यांवर खेकसली, "म्हणलं व्हतं ना! भाकर कमी पडली त्याला!"

*

हॉर्ननं उरलासुरला करंट संपवला. तोवर पावणेसहा झालेले. ताईंचा फोन आला तसा मी एक चार्ज बॅटरी मांडीवर घेतली अन् रशीदभाईच्या स्कूटरवर मागं बसलो. आयुष्यात तेवढा कधी घाबरलो नाही. एकीकडं वाटायचं ॲसिड सांडतंय, दुसरीकडं वाटायचं तिकडं सरांचं काही झालं असेल.

अर्ध्या वाटेत समोरून केळीचा टेम्पो आला. ताईंच्या शेजारचा गंगाधर चालवत होता. शेजारी ताई, अन् त्यांच्या खांद्यावर सरांची मान टाकलेली. मी ओरडलो, रशीदभाईनं स्कूटर वळवली.

आता किडनीवाल्याला केळं म्हणजे विष. डॉक्टर पहिल्यांदा केळंच बंद करतात. अर्धापूर म्हणजे केळीचंच गाव, अन् तिथल्या माणसाला केळं बंद! अन् सर दवाखान्यात आत गेले ते अंगभर केळीचा वास घेऊन, सदऱ्याला पानाच्या चिंध्या. सिस्टर किंचाळलीच, "सर! केळी खाल्ली का काय?"

सरांनी दोनदा श्वास घेतला अन् म्हणाले, "न्हाई सिस्टर... केळ्यांनीच... मला आणलं."

त्यांना आत घेतलं, सुई लागली. मग मी बाहेर बाकड्यावर बसलो. तिथला वॉचमन आला, माझ्याकडं बघितलं, मांडीकडं बघितलं.

"भाऊ, ही बॅटरी कोणत्या पेशंटला लावायची हाय?"

*

रशीदभाईचे मामू लातूरला असतात. आमच्या धंद्यातले गुरूच समजा. बुधवारी ताईंचीच गाडी काढली, मी अन् रशीदभाई. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, चाकूर गेलं, पण आम्ही इंजिन बंद केलं नाही. चहा प्यायलो तो पण गाडी चालू ठेवून. एकानं प्यायचा, दुसऱ्यानं ॲक्सिलेटरवर पाय ठेवून बसायचं!

लातुरात मामूंच्या दारात उभे राहिलो. मामू म्हणाले, "बंद करा गाडी."

आम्ही दोघं एकमेकांकडं बघून राहिलो.

"मामू, बंद केली अन् परत चालू नाही झाली तर?"

मामूंनी चष्मा काढला. "तुमी मेकॅनिक हाव का गिऱ्हाईक?"

खिडकीतून हात घालून त्यांनीच चावी काढली. माझ्या तोंडून "अगं आई!" निघालं. संध्याकाळपर्यंत त्यांनी सगळी गाडी तपासली. शेवटी हात पुसत म्हणाले, "गाडी निरोगी हाय. एक दिवस त्या घरी जाऊन बसा. माणसं तपासा."

वाटभर रशीदभाई एवढंच म्हणत होता, "मामू सठिया गए."

*

तरी रविवारी गेलो. ताईंनी जेवायला घातलं. मग सगळे लवंडले. रशीदभाई ओसरीवर घोरायला लागला. मी हळूच शेडमधी जाऊन गाडीच्या मागच्या सीटवर आडवा झालो. म्हणलं, आतून कुठं टक् टक् आवाज येतो का ऐकावं.

पाच मिनिटांत पुढचं दार उघडलं.

मी अंग चोरलं. चोर! कोणीतरी बसलं, चावी फिरली, गाडी चालू झाली. पाचसहा सेकंद, की बंद. "हां, होती चालू," सरांचा आवाज. दार लावून निघून गेले.

मला काही कळेना. अर्ध्या तासानं पुन्हा दार. चावी. घर्रर्र. बंद. "देवा, अशीच ठेव रे बाबा." ताई!

मग आईचा आवाज आला, बाहेरून, एकदम दबका. "गंगाधर, बघ की जरा लेकरा. सुनेला कळू दिऊ नगंस, घाबरंल ती." गंगाधर बसला. घर्रर्र. बंद.

आता उजेड पडला माझ्या डोक्यात! एका सेल्फमधी बॅटरी किती करंट देते, अन् पाच सेकंदात इंजिन त्यातलं काय परत भरणार? कप्पाळ! एकेक जण दुसऱ्याला कळू न देता, फक्त चालू होते का, तेवढं बघून जायचा. जेवढी भीती वाढली तेवढ्या चकरा वाढल्या.

उठणार, एवढ्यात चौथ्यांदा दार उघडलं. कोणीतरी बसलं, "बिस्मिल्ला" म्हणलं अन् चावी फिरवली.

मी मागून उठून बसलो. "रशीदभाई, तुमी बी?"

रशीदभाईनं अशी किंकाळी फोडली की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली.

सगळ्यांना ओसरीवर बसवलं. "दिवसातून कितीदा बघता?" मी विचारलं. प्रत्येक जण म्हणाला, "एकदोनदाच की!" बेरीज दहाच्या पुढं गेली. ताई सरांकडं बघायला लागल्या, सर आईकडं, आई गंगाधरकडं. कोणाला हसावं का रडावं कळेना.

शेवटी आई म्हणाली, "म्हंजे खाऊन राहिलेलं ते आपणच व्हय?"

अन् खरं सांगू का, मित्रांनो? त्या दिवशी सकाळी अर्धापूरला पोचल्या पोचल्या मी पण एकदा चालू करून बघितली होती.

*

नियम केला. मंगळवार-शुक्रवार सोडून गाडीला कोणी हात लावायचा नाही. बॅटरी पूर्ण चार्ज करून बसवली, चावी आईच्या कमरेच्या पिशवीत. पुढच्या मंगळवारच्या आधी पूर्ण दीड दिवस गाडी कोणी चालू करून बघणार नव्हतं. त्या दीड दिवसात ताई म्हणे सारख्या शेडकडं बघायच्या. मी फोनकडं. समजा आमचं निदान चुकलं असलं तर?

मंगळवारी पाचलाच उठलो. चार्ज बॅटरी दाराशी ठेवली, पायात चप्पल घालूनच चहा घेतला. पावणेसहा झाले. फोन नाही. म्हणजे चालू झाली असणार. का अजून बघितलीच नाही?

सहाला पाच कमी असताना फोन वाजला. ताई!

कप तसाच टाकून मी फोन उचलला. "हॅलो ताई! काय झालं? न्हाई झाली का चालू? सर कसे हायत? निघालोच मी, निघालोच!"

"झाली की," ताई म्हणाल्या. "हाफ सेल्फमधी झाली. हे बसलेत शेजारी, निघून राहिलोत आमी."

मी चप्पल काढली. "मग फोन कशाला केला हो ताई?"

मग एकदम हळू आवाजात, शेजारी बसलेल्या सरांना ऐकू जाऊ नये असं, ताई म्हणाल्या,

"काही न्हाई हो दत्ताभाऊ. तुमचा फोन चालू हाय का, तेवढं बघितलं."