मोजणीदाराचं दुपटं

केडगावच्या सुमंतराव मुळ्यांनी निवृत्तीनंतर तीन वर्षांत चार गोधड्या शिवल्या आणि त्यांतली एकही कुणी पांघरली नाही. नगरची थंडी काही कमी नसते. तरी घरातली माणसं ब्लँकेट घेत.

सुमंतराव चौतीस वर्षं मोजणी खात्यात होते. दोन सख्खे भाऊ बांधावर एकमेकांच्या उरावर बसायच्या बेतात असताना त्यांच्या मधोमध साखळी धरून, "जरा बाजूला व्हा, माप चुकतंय," असं शांतपणे म्हणणारा हा माणूस. निवृत्त झाल्यावर मोजण्यासारखं काही उरलं नाही. मग त्यांनी घराच्या खिडक्या मोजल्या, अंगण मोजलं, आणि पाठीमागे राहणाऱ्या कल्याणची भिंतही मोजली. भिंत चार इंच आत होती, म्हणजे नुकसान कल्याणचंच होतं. हे त्यांनी त्याला आपणहून जाऊन सांगितलं. कल्याणला आठवडाभर नीट झोप लागली नाही. तेव्हा सुमंतरावांच्या पत्नी मधुवंतीबाई म्हणाल्या, "हाताला काहीतरी काम शोधा." मधुवंतीबाई शाळेत शिक्षिका होत्या. त्यांनी सुचवलेली गोष्ट गृहपाठासारखी पुरी करावीच लागे.

काम भिंतीपलीकडेच सापडलं. कल्याण नागापूरला कारखान्यात कामाला. त्याची आई लंकाबाई श्रीगोंद्याकडून त्याच्याकडे राहायला आलेली. दुपारी ती ओट्यावर गोधडी पसरून शिवत बसे. सुमंतराव भिंतीवरून बघत राहिले. बाईजवळ ना पट्टी, ना खडू, पण धावदोऱ्याच्या ओळी एकीशेजारी एक अशा जात होत्या की दोन ओळींमधलं अंतर कुठंही बोटाच्या वर-खाली होत नव्हतं. न राहवून ते पट्टी घेऊन गेले आणि त्यांनी सात ठिकाणी मोजून पाहिलं. चूक नव्हती. चौतीस वर्षांत त्यांना असा सहकारी मिळाला नव्हता.

"मला शिकवाल का?" त्यांनी विचारलं.

लंकाबाईनं तोंडाला पदर लावला. "पुरुष मानूस गोधडी शिवतंय व्हय, सायेब? लोकं काय म्हनत्याल?"

"लोक मला काय काय म्हणालेत ते तुम्हाला ठाऊक नाही. मी बांधावर काम केलंय."

हे तिला पटलं. तिनं शिकवलं. कडेपासून सुरू करायचं, गोल गोल आत यायचं आणि मध्ये येऊन संपवायचं. थर हातानं दाबत जायचं. बाकी सगळं सुई शिकवते, म्हणाली.

सुईवर विश्वास ठेवणं सुमंतरावांना जमलं नाही. पहिल्या गोधडीला त्यांनी अकरा थर घातले, कारण थर जास्त तेवढी ऊब जास्त हा हिशेब सरळ होता. जावई अनिमेष एकदा त्या गोधडीखाली झोपला. रात्रभर त्याला कूस बदलता आली नाही. सकाळी तो गोधडीचं फार कौतुक करत होता, पण मान एकाच बाजूला ठेवून. दुसरी गोधडी मोबाईलवरच्या व्हिडिओत पाहून केली, चारशे बारा षटकोनी तुकड्यांची. तिला आठ महिने लागले. वरून ती इतकी देखणी झाली की गल्लीतल्या बायका बघायला आल्या. पण खालून चारशे बारा तुकड्यांच्या दुमडी पाठीला टोचत. तिसरीला जुन्या कापडाभोवती नव्या कापडाची किनार लावली. पहिल्याच धुण्यात किनार आटली आणि गोधडी मध्ये फुगून बसली. ती आता स्कूटरवर असते. चौथी मशीनवर, आत पॉलिस्टरचा कापूस भरून. ती अंगावर राहतच नाही, घसरून पडते.

दर वेळी सुमंतराव कारण शोधून काढत आणि दर वेळी ते बरोबर असे. पण त्यांना वाईट वाटे, फार वाईट वाटे. गोधडी चुकल्याचं त्यांना विशेष दुःख नव्हतं. रात्री झोपताना घरातलं कुणीतरी आपणहून "ती गोधडी द्या हो" म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं. अशी गोष्ट मागून मिळत नाही. त्यामुळे त्यांनी ती कधी मागितली नाही. मधुवंतीबाईंना ती कळत होती. पण त्यांची मान आधीच दुखत असे.

अशात मुलगी ईरा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. सुमंतरावांनी ठरवलं, आता गोधडी नाही, बाळाला गुंडाळायचं दुपटं. गिऱ्हाईक नवं होतं आणि त्याचं आधीचं मत वाईट नव्हतं. त्यांनी आधी कागदावर प्रमाणात नकाशा काढला. छत्तीस इंच बाय छत्तीस. कापड बाजारात जाऊन फिकट पिवळं पॉपलीन आणलं, आटू नये म्हणून दोनदा भिजवून वाळवलं. ओळी आखून घेतल्या. महिनाभरात दुपटं तयार झालं. दोन्ही कर्ण मोजले तर सुतभराचाही फरक नाही. ते घेऊन ते लंकाबाईकडे गेले तेव्हा त्यांच्या चालण्यात फरक पडला होता.

लंकाबाईनं दुपटं बघितलं नाही. तिनं डोळे मिटले आणि ते गालाला लावलं.

"नवं हाय," ती म्हणाली.

"नवंच आहे. उत्तम प्रतीचं आहे."

"आवं सायेब, नव्या कापडात लेकरू गुंडाळत्यात व्हय? लई खरखरीत. बारा दिवस जुन्यातच ठेवत्यात त्याला. घरातलं, वापरलेलं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. तुमच्यात न्हाई का तसं?"

त्यांच्यातही तसंच होतं. मधुवंतीबाई म्हणाल्या, "अहो, हे तर सगळ्यांनाच ठाऊक असतं. मला वाटलं, तुम्ही हे बारशानंतरसाठी करताय." सुमंतरावांनी कापडाची लांबी, रुंदी, आटणं, रंग पक्का की कच्चा, सगळं तपासलं होतं. कापडाचं वय तपासायचं असतं हे त्यांना सुचलं नव्हतं. जमिनीला वय नसतं.

"मग जुनी सुती साडी द्या एखादी," ते म्हणाले.

मधुवंतीबाईंनी स्वयंपाकघराच्या फळीकडे बघितलं. दिवाळीच्या आवराआवरीत त्यांनी पाच सुती साड्या आणि सुमंतरावांच्या वडिलांची दोन धोतरं बोहारणीला देऊन झाकणाचं मोठं पातेलं घेतलं होतं. पातेलं चांगलं होतं, याबद्दल वाद नव्हता. सुमंतराव लंकाबाईकडे गेले. ती म्हणाली, "माझ्याकडं कुठलं आलंय सुती? सुनंनं समदं पॉलिस्टर आनलंय. धुवायला सोपं पडतं म्हनं." मग ते पुन्हा कापड बाजारात गेले आणि ज्या दुकानातून पॉपलीन घेतलं होतं तिथं जुनं कापड आहे का, असं विचारलं. दुकानदारानं आपल्याकडे सगळा माल ताजा असल्याची शपथ घेतली.

ईराचे दिवस भरत आले होते. सुमंतराव घरात नुसते येरझाऱ्या घालत होते आणि अशाच एका फेरीत त्यांना त्यांचे पहिले हेडसाहेब आठवले.

सुमंतराव नोकरीला लागले तेव्हा पक्के नकाशे ट्रेसिंग कापडावर काढत. अगदी तलम सुती कापड, त्यावर खळ चढवून काचेसारखं गुळगुळीत केलेलं, त्यावर काळ्या शाईनं रेघा. हेडसाहेब सांगायचे की नकाशा बिघडला तर ते कापड टाकायचं नाही. गरम पाण्यात खळ आणि शाई निघून जाते आणि खाली असं मऊ सूत हाती लागतं की त्याचे रुमाल पुढे मुलांना पुरतात.

माळ्यावर पत्र्याच्या नळीत अशी तीन कापडं होती. सरकारी दप्तरातली नव्हेत. सुमंतरावांच्या शिकाऊ वर्षातली, सरावाची. दोन बिघडलेली. तिसरं न बिघडलेलं.

तिसरं म्हणजे एका काल्पनिक गावाचा नकाशा. डोंगर, ओढा, गावठाण, एकशे चाळीस शेतं. तो काढायला त्यांना सहा महिने लागले होते. हेडसाहेबांनी तो ऑफिसच्या भिंतीवर लावला होता, आणि भिंतीला रंग द्यायची वेळ आली तेव्हा घरी नेऊ दिला होता. पुढे चौतीस वर्षं सुमंतरावांनी खरी गावं मोजली, पण त्या नकाशांवर सह्या वरच्यांच्या. ज्याच्या कोपऱ्यात त्यांच्या स्वतःच्या वळणदार अक्षरात त्यांचं नाव होतं असा जगात हा एकच कागद होता, आणि तो कापड होता.

बिघडलेली दोन कापडं त्यांनी त्याच दिवशी उकळली. बोहारणीच्या पातेल्यात, कारण बाकी कशात ती मावत नव्हती. हेडसाहेब खोटं बोलत नसत. वाळल्यावर कापड हातात घेतलं की हातात काही आहे असं वाटेना.

लंकाबाईनं ते गालाला लावलं आणि बराच वेळ काढलं नाही. मग म्हणाली, "अन् तिसरा थर?"

"दोनच आहेत."

"दोन थराला दुपटं म्हनत न्हाईत, सायेब. रुमाल म्हनत्यात."

मधुवंतीबाई मध्ये पडल्या. "दोन पुरे. तो नकाशा ठेवा. मी सांगते ना, ठेवा." आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या सांगण्यात विनंती होती.

सुमंतरावांनी तिसरं कापड जेवणाच्या टेबलावर पसरलं आणि दुपारभर बघत बसले. त्यांना ते फार आवडत होतं. एकेका शेताचा बांध ते बोटानं फिरून आले. एक चूक सापडली असती तर बरं झालं असतं, पण चूक सापडली नाही. चार वाजता ते उठले, कापडाची घडी घातली आणि पाणी तापायला ठेवलं.

आधी त्यांचं नाव गेलं, मग डोंगर. ओढा थोडा वेळ दिसत होता. मधुवंतीबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "निघालं का सगळं?" सुमंतराव म्हणाले, "निघालं," आणि डोळे पुसले. वाफ बरीच होती, पण ते वाफेचं पाणी नव्हतं आणि ते वाफेचंच आहे असं दोघांनीही म्हटलं नाही.

बाळाच्या कापडावर खडू नाही, पेन्सिल नाही, असा लंकाबाईचा हुकूम होता. त्यामुळे सुमंतरावांनी आयुष्यात प्रथमच न आखता काम केलं. कडेपासून आत, गोल गोल. ओळी हलल्या, एकमेकींजवळ गेल्या, पुन्हा दूर झाल्या. एकदा त्यांनी चोरून कर्ण मोजले. सव्वा इंचाचा फरक होता. त्यांनी पट्टी कपाटात ठेवून दिली.

मध्ये वीतभर शिवायचं राहिलं होतं तेव्हा ईराला कळा सुरू झाल्या, तारखेच्या नऊ दिवस आधी. दवाखान्यात अनिमेष जिन्यातून वर-खाली करत होता, मधुवंतीबाई आत होत्या, आणि सुमंतराव बाकावर बसून दुपटं शिवत होते. येणारे-जाणारे बघत होते. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी न राहवून विचारलं, "बायको नाही का घरी?" "आहे की," सुमंतराव म्हणाले आणि पुढचा टाका घातला.

साडेअकराला दार उघडून नर्स बाहेर आली. "मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. मऊ जुनं कापड आणलंय का? लवकर."

पिशवीत बाजारातलं नवं गुबगुबीत ब्लँकेट होतं. अनिमेषनं ते पुढं केलं. नर्सनं त्याला बोट लावलं आणि परत दिलं. मग तिची नजर सुमंतरावांच्या मांडीवर गेली.

"ते द्या की."

"अजून वीतभर राहिलंय," सुमंतराव म्हणाले.

"बाळाला चालेल."

त्यांनी गाठ मारली, दोरा दातानं तोडला, सुई शर्टाच्या कॉलरला टोचली, आणि ती खरोखर कॉलरलाच आहे ना हे तीनदा चाचपून पाहिलं. मग दुपटं दिलं. दहा मिनिटांनी ते परत आलं तेव्हा त्यात नात होती. तिनं एक मूठ बाहेर काढून काठ धरून ठेवला होता.

दुपटं पुरं करायचं सुमंतरावांनी त्याच दिवशी मनात धरलं होतं. अर्धवट काम त्यांनी कधी कुणाच्या हाती दिलं नव्हतं. पण दुपटं मोकळं मिळेना. एक तर नात त्यात असायची, नाहीतर ते बादलीत असायचं, नाहीतर दोरीवर ओलं. वाळून घडीला येईतो ती रडायला लागायची, आणि दुसऱ्या कशात गुंडाळली की आणखी जोरात. लंकाबाईनं येऊन बघितलं आणि म्हणाली, "आता काय घावत न्हाई तुमाला." बारसं झालं, दोन महिने उलटले, ईरा सासरी निघायची वेळ आली. तिच्या बॅगा भरून झाल्या होत्या. सुमंतराव दोरा ओवलेली सुई घेऊन खोलीच्या दाराशी उभे राहिले.

"ईरा, दोन मिनिटं दे गं ते. मधलं तेवढं शिवून देतो."

ईरानं मुलीकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "आत्ता नको, बाबा. झोपलीय ती त्यात."

"बरं," सुमंतराव म्हणाले, आणि तसेच उभे राहिले.