उपडे कप

हसू नका, पण पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी तिलाच दातांची डॉक्टर समजले होते. अंगात पांढरा कोट, कपाळावर आठ्या आणि आवाज असा, की दुखरी दाढसुद्धा घाबरून गप्प बसावी. "बोला," ती म्हणाली. मी कसली बोलतेय! सरळ तिच्यापुढे आ वासून उभी राहिले. मागे रांग खोळंबली. शेवटी ती म्हणाली, "काकू, तोंड मिटा. मी फक्त नंबर देते."

तेव्हापासून मी तिला नंबरबाई म्हणते. तोंडावरच म्हणते, पाठीमागे बोलायला मला वेळ कुठे असतो?

मला वाटलेलं, बाई म्हणजे निव्वळ दगड. शटर उघडायचं, खुर्च्या पुसायच्या, माशांच्या टाकीत चिमूटभर खाणं टाकायचं, रडणाऱ्या पोरांना डोळे वटारायचे. पण शुक्रवारी संध्याकाळी पेशंट संपले की हीच बाई बाहेरच्या खोलीतल्या खुर्च्या गोल मांडायची आणि लिहिणारी माणसं गोळा करायची. रिटायर कंडक्टर, एक शिंपी, दोघीतिघी शिक्षिका. मी आपली बिस्किटांपुरती. ती स्वतः राहायची भावाकडे. तिथे तिच्या वाट्याला फ्रिज आणि शिलाई मशीन यांच्यामधली पट्टी. कागद पुढ्यात घेतला रे घेतला, की भावजय विचारायची, "वन्सं, रिकाम्याच आहात ना? मग लसूण सोलता का?"

गटाचा नियम तिनेच घातलेला. कौतुक नाही, टीका नाही. दवाखान्यात चूळ भरायला छोटे कागदी कप असतात ना, त्यातच सगळ्यांना चहा. कुणी वाचायला लागलं आणि ऐकता ऐकता आपलं लक्ष उडालं, की रिकामा कप गुपचूप उपडा करायचा. वाचणारा शेवटी मान वर करतो, कप बघतो आणि विचारतो, "कुठे?" तेव्हा मात्र खरं सांगायचं. बास. एवढ्यावर ही माणसं वर्षानुवर्षं लिहीत होती.

मग डॉक्टरांनी एक दिवस सांगितलं, "तुम्ही खुर्च्या मांडता त्या कोपऱ्यात एक्स-रेचं मशीन बसवतोय. शुक्रवार आता बंद."

"डॉक्टर, मागच्या खोलीत बसवा ना."

"मागे ओल आहे."

ती रोज विनवायची, ते रोज ओल दाखवायचे. माणूस वाईट नव्हता हो. एका लेखकावर त्यांचा भारी जीव. त्याची पुस्तकं केबिनमध्ये, कवळ्यांच्या शेजारी मांडलेली. नंबरबाईने त्या लेखकाचा असा पिच्छा पुरवला, की तो कंटाळून हो म्हणाला. कुठल्याशा कार्यक्रमाला जाता जाता तासभर थांबेन म्हणाला. डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "ते? इथे? अहो, ते खूश होऊन गेले तर मशीन मागे टाकू. ओल काय, काढता येते!"

झालं, सगळं त्या एका तासावर येऊन ठेपलं. बाईने घासणी हातात घेतली ती सोडेचना. टाकी इतकी घासली, की मासे तिला बघून दगडामागे लपायला लागले. आणि त्यात मी.

"लेखकाला चूळ भरायच्या कपात चहा देणार? माझा चिनी मातीचा सेट आणते."

"नको काकू. कागदीच."

"अगं, अब्रूचा प्रश्न आहे!"

"सगळ्यांना सवय आहे कागदीची."

"सवय गेली चुलीत!"

एरवी ती मला पुरून उरली असती. पण भांडायचंही त्राण नव्हतं. "आणा," म्हणाली.

लेखक उशिरा आला, दमलेला. डॉक्टर नवीन शर्ट घालून पहिल्या खुर्चीत. पाठ केलेलं स्वागत ही साफ विसरली आणि भलतंच बोलून बसली, "बसा, नंबर आला की बोलावते." सगळे हसले. ती पांढरीफटक.

चहा झाला. लेखक वाचायला लागला. नायकाची आई मरते, तो भाग. छान वाचत होता. मग आई गेली, आणि नायक खिडकीतून आभाळ बघायला लागला. आभाळ काही संपेना.

टक्.

कंडक्टर. माझा चिनी मातीचा कप, बशीवर उपडा. मग एका शिक्षिकेचा, टक्. नंबरबाई डोळ्यांनी खुणा करतेय, पण हाताची सवय ती! शिंपी, टक्. आणि ही इथली रीतच असेल असं समजून डॉक्टरांनीही ऐटीत, टक्!

लेखक थांबला. "हे काय आहे?"

ती उठली. तसा चेहरा मी दाढ उपटताना कुणाचा बघितला नाही. "सर, आमच्याकडे... आवडलं की असं करतात."

लेखकाचा चेहरा खुलला. डॉक्टर तर फुलून गेले. मी म्हटलं, सुटलो. पण कंडक्टर! जन्मभर कुणाला फुकट जाऊ दिलं नाही, तो आता काय जाऊ देणार? "काहीतरीच काय बाई! कंटाळा आला की उपडा करायचा. नियम तुमचाच ना?"

टाकीतले बुडबुडे ऐकू यायला लागले.

"अच्छा," लेखक म्हणाला. "कुठे आला कंटाळा?"

अगं, कुठेच नाही म्हण, कुठेच नाही म्हण! मी मनातल्या मनात हात जोडले. डॉक्टर तिच्याकडेच बघत होते. तिने खुर्चीची पाठ घट्ट धरली. पण त्या खोलीत 'कुठे' विचारल्यावर आजवर कुणी खोटं बोललं नव्हतं.

"आई गेल्यावर," ती म्हणाली. "तुम्ही लगेच आभाळाकडे वळलात. मी अजून तिच्या उशीपाशीच होते."

 लेखकाने पुस्तक मिटलं. "गाडी थांबलीय," म्हणाला आणि निघाला. डॉक्टर त्याला सोडायला धावले. परत आले ते कुणाकडेही न बघता म्हणाले, "सोमवारी मशीन येतंय."

आलं. नंबरबाई पुन्हा दगड झाली. नंबरापलीकडे शब्द नाही. मी दाढ दुखत नसताना दोनदा जाऊन आ वासला, तरी हसली नाही. "लिहिणं सोडलं काकू," एवढंच म्हणाली. शुक्रवारी शटर ओढून झालं, तरी तिथेच उभी. घरी जाऊन करायचं काय? लसूणच सोलायचा ना.

मला बघवेना. म्हटलं, "माझ्या पुढच्या खोलीत जमा सगळे. आमच्या ह्यांना टीव्हीसकट आत ढकलते."

 तिचे डोळे भरले. म्हटलं, आता पडते गळ्यात. मी हातही पसरले.

"कप?" ती म्हणाली.

"कप माझेच! चिनी मातीचे."

"कागदी."

"अगं, घर माझं, चहा माझा, बिस्किटं माझी!"

तिने बोट वाकवलं आणि शटरवर एकदाच वाजवलं. टक्. आणि माझ्याकडे बघत राहिली.

"कागदी," मी म्हटलं.