दोनच सर बाकी

जळगावच्या मेहरूणमधल्या कथक वर्गाचा वार्षिक कार्यक्रम पाच वाजता सुरू झाला आणि साडेसहापर्यंत त्यात कोणीही नाचलं नव्हतं. निवेदक गुरुजनांचा परिचय वाचत होते. कोण विशारद, कोण परदेशात नाचून आलेल्या, कोणाला कुठली शाल मिळालेली. शालीचा रंग तेवढा सांगायचा राहिला होता.

माझ्या शेजारी पारोळ्याकडच्या एक अक्का बसल्या होत्या. प्रत्येक पदवीला त्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत आणि सोडत. गावाकडची शेवटची बस सातला होती आणि जळगावात शिकणारी नात घुंगरू बांधून पडद्याआडून डोकावत होती.

शेवटी अक्का उभ्या राहिल्या. "भाऊ, कोन कोन शिकाडतस ते समजनं. काय शिकाडं ते आते देखाडा ना!"

"अक्का, दोनच सर बाकी आहेत," असं म्हणून निवेदकांनी पान उलटलं.

अक्कांनी नातीला हात केला. "ये वं माय, आठेच नाच. मनी बस निंघी जाई."

पोरगी खुर्च्यांमधल्या वाटेत आली आणि नाचू लागली. घुंगरं ऐकून मंचावर ताटकळलेल्या तबलजींचे हात आपोआप तबल्यावर गेले. नेमका त्यांचाच परिचय चालला होता. त्या संध्याकाळी मला पटलेला तो एकमेव परिचय.

नाच संपला. अक्कांनी नातीवरून बोटं कडाकडा मोडली, तबलजींना लांबूनच हात जोडले आणि त्या बस गाठायला निघाल्या. निवेदक अजून तबलजींच्या पदवीपर्यंत पोहोचायचे होते.