चौथ्या डावानंतर

मर्ल सेडलाक चौथा डाव संपला की उठायचा. बेसबॉलचा सामना नऊ डावांचा, पण मर्लला त्याचं काही नसायचं. तोंडातल्या सूर्यफुलाच्या बियांची टरफलं कागदी पेल्यात थुंकायची, शेजारच्याला ऐकू जाईल अशी जांभई द्यायची, दुखऱ्या गुडघ्यांवर हात टेकून उभं राहायचं आणि टोपी सारखी करत पायऱ्या उतरायच्या. कॅन्सस-नेब्रास्कातल्या कॉलेजांच्या मैदानांवर सगळ्यांना हे पाठ होतं. सेडलाक उठला म्हणजे आज इथे बघण्यासारखं काही नाही, असं बाकीचे स्काउट, म्हणजे क्लबांसाठी खेळाडू हेरत फिरणारे, समजायचे.

तसं त्यांनी समजावं हेच मर्लचं काम होतं.

आमचा क्लब हॅलोवेल हेरन्स. हॅलोवेल लहान शहर. मंगळवारच्या सामन्याला अर्ध्या खुर्च्या रिकाम्या असतात आणि टीव्हीवाले आमच्याकडे फारसे फिरकत नाहीत. किनाऱ्यावरचे श्रीमंत क्लब तयार खेळाडू विकत घेतात. आम्हाला तो कच्चा असताना हेरावा लागतो, खालच्या संघांमधून वर्षानुवर्षं घडवावा लागतो. तो घडला, नावारूपाला आला, की थोड्याच वर्षांत करारातून मोकळा होऊन तो त्यांच्याकडेच जातो. म्हणून जायच्या वर्षभर आधी आम्हीच त्याला देऊन टाकतो आणि बदल्यात दोन-तीन पोरं घेतो. गाव शिव्या घालतं, आणि आम्ही पुन्हा शोधायला निघतो. या धंद्यात टिकायचं तर दुसऱ्याच्या आधी दिसलं पाहिजे, आणि आपल्याला दिसलंय हे दुसऱ्याला दिसता कामा नये.

मर्लला दिसायचं. तरुणपणी तो खालच्या दर्जाच्या संघांमधून कॅचर म्हणून खेळला होता आणि फलंदाजामागे चेंडू झेलायला उकिडवं बसून बसून त्याचे गुडघे गेले होते. मग आयुष्यभर तो गाडीतच राहिला. त्याची बायको डोना पियानो शिकवायची. ती म्हणायची, "लग्नाच्या दिवशी मला धाकधूक होती, हा चौथ्या डावाला उठून जातो की काय." ज्या वर्षी आम्ही ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे अंतिम फेऱ्यांपर्यंत, खेळत राहिलो, त्या संघातले चारजण मर्लने असे जांभया देत आणले होते.

मी इंजिनिअरिंग करून क्लबात आकड्यांच्या कामाला लागलो तेव्हा मला त्या वसंतात मर्लबरोबर फिरायला पाठवलं. पहिल्याच दिवशी तो उठला तसा मीही उठलो. गाडीत बसल्यावर त्याने ती मैदानाबाहेर काढली आणि वळसा घालून डाव्या कुंपणामागच्या उंच झाडांखाली उभी केली. मग सीटखालून दुर्बीण आणि वेग मोजायची बंदूक काढली.

"दार हळू लाव," तो म्हणाला. "आता सामना बघू."

ज्याच्यासाठी हे चाललं होतं तो पिचर, चेंडू फेकणारा, म्हणजे कोल्बी रीमर. दोन वर्षांच्या एका लहान कॉलेजात शिकणारा, उंच, लांब हातांचा, चेहऱ्यावर अजून मुरमं असलेला. त्याची आई जोलीन गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात होती. आमच्या भागात शाळेत चिलीबरोबर, म्हणजे मांस-राजम्याच्या तिखट रश्श्याबरोबर, दालचिनीचे गोड रोल वाढतात, बाहेरच्यांना ते विचित्र वाटतं. जोलीनचे रोल खायला लोक गावच्या सभेलासुद्धा यायचे. प्रत्येक सामन्याला ती डबा भरून आणायची आणि बाकांवर फिरवायची. मर्ल दोन उचलायचा.

"कसा वाटतो हो आमचा कोल्बी?" तिने एकदा विचारलं.

"रोल छान झालेत, मॅम," मर्ल म्हणाला.

तिने डबा तसाच त्याच्यापुढे धरून ठेवला. थोड्या वेळाने पुढे गेली.

शेजारी ग्रेडी पेल बसलेला. किनाऱ्यावरच्या एका श्रीमंत क्लबाचा स्काउट, मर्लचा जुना दोस्त. मोटेलमध्ये दोघं नाश्त्याला एका टेबलावर बसायचे आणि एकमेकांशी खोटं बोलायचे.

"काय म्हाताऱ्या, या पोरात काही आहे का?"

"हात मऊ आहे रे. हायस्कूलला ठीक."

"मग तू तिसऱ्यांदा कशाला आलास?"

"रोल खायला."

ग्रेडी हसला. पुढच्या सामन्याला तो आला नाही. मर्ल खूश होता.

झाडांखालून कोल्बी वेगळाच दिसायचा. चौथ्या डावापर्यंत त्याचा चेंडू बरा जायचा. पाचव्यापासून बंदुकीवरचा आकडा चढायला लागायचा. ताशी एक्याण्णव मैल, मग त्र्याण्णव, मग पंचाण्णव. मर्ल प्रत्येक आकडा पुटपुटत वाचायचा आणि मान हलवायचा.

"बघ," तो मला म्हणाला. "बाकीची पोरं पाचव्या डावात दमतात. हा तेव्हा जागा होतो. हे शिकवून येत नाही."

दर वेळी तसंच व्हायचं. त्याने अहवालात तेच लिहिलं: चौथ्या डावानंतर जोर वाढतो. हॅलोवेलच्या कार्यालयात नील व्हिटलॉक, म्हणजे दर उन्हाळ्यात सगळे क्लब पाळीपाळीने नवी पोरं उचलतात त्या निवडीत आमचं नाव ठरवणारा साहेब, त्या ओळीवर फिदा झाला होता.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी वारा फार होता. मर्ल चौथ्या डावानंतर उठला. त्या दिवशी जांभई जरा जास्तच मोठी झाली आणि पुढच्या बाकावरचे दोघेतिघे हसले. आम्ही झाडांखाली पोचलो तेव्हा पाचवा डाव सुरू झाला होता. पंचाण्णव. शहाण्णव. मर्लने माझ्या दंडाला चिमटा काढला. सत्त्याण्णव. तो स्वतःशीच हसत होता.

पुढच्या चेंडूनंतर कोल्बी फलंदाजाकडे बघायचं सोडून स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. मग त्याने उजवं कोपर पोटाशी धरलं आणि कुणी बोलवायच्या आधीच मैदानाबाहेर चालू लागला. जोलीन डबा बाकावर ठेवून जाळीकडे धावली.

मर्लने दुर्बीण खाली केली. बंदुकीवर अजून तो सत्त्याण्णव दिसत होता. त्याने ती बंद केली.

कोपरातला अस्थिबंध तुटला होता. शस्त्रक्रिया, आणि मग वर्षभर चेंडू हातात नाही. बातमी पसरल्यावर नीलचा फोन आला. मर्लने गाडीतच घेतला, त्यामुळे मलाही ऐकू आला.

"वाईट झालं रे," नील म्हणाला. "पोराचं वाईटच झालं. पण आपल्या दृष्टीने बघ. आता मोठे क्लब त्याला हात लावणार नाहीत. निवडीच्या दिवशी तो घसरत घसरत आपल्यापर्यंत येईल. आपण वर्षभर थांबू शकतो. आपल्यासारख्यांना असा हात एरवी मिळतो का?"

"नाही मिळत," मर्ल म्हणाला.

"तू जाऊन भेट. त्या बाईला तू आवडतोस ना? रोल देते म्हणे."

मर्लने फोन ठेवला आणि बराच वेळ काच खाली-वर करत राहिला.

जूनमध्ये आम्ही गेलो. स्काउटच्या आयुष्यात स्वयंपाकघरातलं टेबल फार महत्त्वाचं. तिथे घरचे लोक समोर बसतात, कॉफी येते आणि तुम्ही शब्द देता. मर्ल एरवी या भेटीला इस्त्रीचा शर्ट घालायचा. त्या दिवशीही घातला होता, पण वरचं बटण चुकीच्या काजात गेलं होतं आणि मी सांगितलं नाही.

जोलीनने दार उघडलं. "या, मिस्टर सेडलाक. तुम्ही याल असं वाटलं नव्हतं."

कोल्बीचा हात पट्ट्यांमध्ये, काटकोनात अडकवलेला. तो उठायला लागला.

"बस बाळा," मर्ल म्हणाला.

टेबलावर रोल होते, अजून गरम. मर्लने एकही घेतला नाही. त्याने क्लबाचं म्हणणं नीट सांगितलं. आम्ही निवड करू, हात बरा होईपर्यंत थांबू, डॉक्टर आमचे. जोलीन मान डोलावत होती. कोल्बी टेबलाच्या कडेवर नख घासत होता.

"सर, एक विचारू?"

"विचार."

"आधी माझं काय चुकत होतं? म्हणजे तुम्ही दर वेळी उठून जायचात. मला वाटायचं, चार डावांत माझ्यात काहीतरी कमी दिसतं यांना." तो जरा हसला. "मग मी पाचव्यापासून सगळा जीव लावायचो. म्हटलं, पार्किंगपर्यंत आवाज गेला तर वळून बघतील. त्या शनिवारी तर तुमची जांभई मला तिथे उभ्या उभ्या ऐकू आली."

मी मर्लकडे बघितलं नाही. समोरच्या फ्रिजवर शाळेच्या जेवणाचा तक्ता चिकटवलेला होता, तो वाचत बसलो. सोमवार, चिली.

मर्लने कॉफीचा कप बाजूला सारला.

"मी जात नव्हतो."

"म्हणजे?"

"गाडीत बसायचो. डाव्या कुंपणामागे, झाडांखाली. शेवटपर्यंत बघायचो. दर वेळी."

"ती निळी गाडी?" कोल्बी म्हणाला. "ती तुमची होती? आम्हाला वाटायचं कुणीतरी बायकोशी भांडून झोपायला येतं."

मर्ल टेबलाकडे बघत बोलत राहिला. "दुसऱ्या क्लबांच्या स्काउटांना कळू नये म्हणून हे करावं लागतं. लहान क्लबाला दुसरा मार्ग नसतो. पाचव्या डावापासून आकडा चढायचा तेव्हा मला वाटलं तो तुझा गुण आहे. मी तसं लिहिलं. तो गुण नव्हता, तो मी होतो. मी उठत होतो म्हणून तो चढत होता. त्या शनिवारी शेवटच्या चेंडूपर्यंत मी गाडीत हसत होतो."

एवढं बोलून तो थांबला. आता आई ओरडेल, घराबाहेर काढेल, याची तो वाट बघत होता. त्याला ते हवं होतं, हे नंतर त्याने मला सांगितलं.

पण आधी कोल्बी बोलला. त्याचा चेहरा एकदम उजळला होता.

"म्हणजे मी तुम्हाला आवडलो होतो?"

मर्लने मान डोलावली.

"पहिल्या दिवसापासून?"

"पहिल्या डावापासून," मर्ल म्हणाला.

"आई, ऐकलंस?"

जोलीनने ऐकलं होतं. तिने रोलच्या ताटावर फडकं घातलं आणि कडा आत खोचल्या. "एकदा बाजूला घेऊन त्याला सांगायचं होतं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "बाळा, तू आवडतोस, फक्त गप्प राहा. एवढंच."

"पोरं आईला सांगतात, मॅम. आया शाळेत सांगतात."

"मी नसतं सांगितलं."

तिने ताट आपल्याकडे ओढलं.

"मी तुम्हाला विचारलं होतं. तोंडावर विचारलं होतं. तुमच्या हातात माझा रोल होता."

"हो, मॅम."

"आई, जाऊ दे ना," कोल्बी म्हणाला. "मला यांच्याकडेच जायचंय."

तो आमच्याकडेच आला. नीलने ठरवल्याप्रमाणे घसरत घसरत आला आणि त्या वर्षीची आमची सगळ्यात हुशार निवड म्हणून वर्तमानपत्रांनी तिचं कौतुक केलं. नीलने मर्लला अभिनंदनाचा केक पाठवला. डोनाने तो शेजाऱ्यांना वाटून टाकला, कारण केक ठेवला होता त्या खोलीत मर्ल जाईना.

त्यानंतर मर्ल सामना सोडून उठला नाही. नवव्या डावापर्यंत, सगळ्यांच्या समोर, बंदूक मांडीवर घेऊन बसायचा. पोरगा आवडला तर जाळीपाशी जाऊन आवडला म्हणून सांगायचा. त्यापायी दोन चांगली पोरं ग्रेडीच्या क्लबाने आमच्या आधी उचलली. नील चिडला. "मर्ल, तू कुणाकडून पगार घेतोस?" असं त्याने सगळ्यांसमोर विचारलं. मर्लने ऐकून घेतलं. मला वाटलं, हे केल्यावर त्याला बरं वाटत असेल. तसं काही दिसत नव्हतं.

पुढल्या वर्षी मे महिन्यात कोल्बी आमच्या सगळ्यात खालच्या संघाकडून पहिल्यांदा उतरला. मर्लने मला बरोबर नेलं. थंडी अजून गेली नव्हती, मोजकीच माणसं होती. जोलीन दोन रांगा खाली बसली होती. तिने मान हलवून ओळख दिली. डबा आणला नव्हता.

कोल्बीचा चेंडू अठ्ठ्याऐंशीने जात होता. डॉक्टर म्हणाले होते, वाढेल. कदाचित वाढेलही. पहिला डाव संपला. कोल्बी बाकाकडे जाताना थांबला, मान वर केली, आमच्या रांगेवरून नजर फिरवली, मर्ल दिसल्यावर पुढे गेला. दुसऱ्या डावानंतर तसंच. तिसऱ्यानंतर तसंच.

"बघतोय," मी म्हणालो. "तुम्ही आहात हे बघून बरं वाटत असेल त्याला."

मर्लचे गुडघे थंडीने आखडले होते. तो त्यांच्यावर हात दाबून बसला होता.

"पिचरने कॅचरकडे बघायचं असतं," तो म्हणाला. "दुसरीकडे कुठेही नाही. मी त्याला असं इकडे बघायला शिकवून ठेवलंय."

चौथा डाव संपला. खालच्या रांगेतून जोलीनने मागे वळून पाहिलं. मैदानात कोल्बीही थांबला होता, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ, हातमोजा छातीशी धरून.

मर्लने टोपी काढून वर धरली, त्याला लांबून नीट दिसावी म्हणून. कोल्बी आत गेल्यावरही ती त्याने लगेच खाली घेतली नाही.