सात एकांची संख्या

अकरावीत आमच्या गणिताच्या सरांनी फळ्यावर ओळीनं सात एक लिहिले. "अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. ही मूळ संख्या आहे. हिला कुणी भाग देऊन दाखवावा."

रहिमतपूरला घरी आल्यावर मी सहज बघायला बसले. अंकांची बेरीज सात, म्हणजे तीनानं भाग जात नाही. शेवटी एक, म्हणजे दोन आणि पाच बाद. मग एकेक मूळ संख्या घेऊन भागाकार करत सुटले. शेण काढतानाही डोक्यात बाकी मोजणं चालूच. शंभरी ओलांडल्यावर कंटाळले, पण सोडवेना. शेवटी दोनशे एकोणचाळीसनं भाग दिला आणि बाकी शून्य. वर उत्तर चार हजार सहाशे एकोणपन्नास. उलटा गुणाकार केला, तर सातही एक जिथल्या तिथं. मी एकटीच हसत बसले होते.

दुसऱ्या दिवशी वर्गात उठून सांगितलं. सरांनी फळ्यावर गुणाकार केला, मग वळून म्हणाले, "मोबाईलवर बघितलंस ना?"

"न्हाई सर, मी केलं. कागद हायेत."

"उतरवलेले कागद मलाही दाखवता येतात. खाली बस."

सगळा वर्ग हसला. सांगलीच्या गणित स्पर्धेला सरांनी दुसऱ्या दोघांना नेलं. घरी वडिलांना सांगितलं, तर फौजेतून आलेला तो माणूस म्हणाला, "मास्तरापुढं तोंड चालवायचं न्हाई. डिसिप्लिन हाय का न्हाई?"

बारावीनंतर मी गणित घेतलं नाही. कुणी घे म्हणालंही नाही. आता सांगलीजवळ कुपवाडला एका कारखान्यात सुट्या भागांची मापं तपासते.

गेल्या हिवाळ्यात सर निवृत्त झाले. सत्काराला आम्हा जुन्या विद्यार्थ्यांना बोलावलं होतं. भाषणात सर रंगात आले. म्हणाले, "मी पोरांना सात एक लिहून द्यायचो. सगळे म्हणायचे, मूळ संख्या. मग मी दोनशे एकोणचाळीसनं भाग देऊन दाखवायचो. आपल्या डोक्यानं तपासायला मी शिकवलं." टाळ्या पडल्या. माझ्या शेजारची बाईही वाजवत होती. ती माझ्याच वर्गातली.

कार्यक्रम संपल्यावर मी त्यांना गाठलं. "सर, ते भाग देणं मी दाखवलं होतं. तुम्ही मला खोटं ठरवलंत."

त्यांनी चष्म्यातून नीट पाहिलं. ओळख पटली नसावी.

"असेल गं. लय पोरं होऊन गेली हाताखालनं." आणि हार सावरत म्हणाले, "जेवून जा हां."

सांगलीची गाडी उशिरा होती. मी पंगतीत बसले. वाढणाऱ्यानं जिलेबी वाढली आणि मी ती खाल्ली. तेवढ्याचाच मला अजून राग येतो.