बॉयलरवाल्या परसरामचं काळीज

परसराम तुमसरजवळच्या एका उसन्या, म्हणजे उकड्या, तांदळाच्या मिलमध्ये बॉयलर सांभाळतो. भिजवलेल्या धानाला वाफ देणारा तो बॉयलर म्हणजे त्याचा जीव की प्राण. दाबाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकला की भट्टीतला भुसा कमी करायचा, वाफ सोडायची; काटा उतरला की पुन्हा भुसा. मी त्याच मिलमध्ये धान उतरवून घेतो, त्याच्या शेजारीच राहतो, आणि या माणसाशी भांडण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं आहे. एका जागी बसेल तर शपथ! जेवता जेवताही उठून दारात एक चक्कर मारून येतो.

मिलमध्ये तपासणीचं शिबिर झालं तेव्हा त्याचा रक्तदाब इतका निघाला की डॉक्टरांनी पुन्हा पट्टा बांधून पाहिला. रोजची गोळी सुरू झाली. महिन्याभरात दाब उतरला आणि पठ्ठ्याने गोळी बंद केली.

"काहून बंद केली?" मी ओरडलोच.

"काटा खाली आला ना, वीरेंद्रभाऊ. आता कायले वाफ सोडू? चढला का घेईन."

"अन् चढला हे तुले कोन सांगन?"

"मले समजते. जिंदगी बॉयलरपाशी गेली माही."

गोळीमुळेच दाब खाली राहिला होता, हे या शहाण्याच्या डोक्यात काही केल्या शिरेना. त्याची बायको पार्वताबाई भाजीत मीठ कमी घालायची, तर हा वरून लोणचं चापायचा. ती बिचारी आमच्या ओसरीवर येऊन रडायची. "यायले काही झालं तं म्या काय करू जी?" मला परसरामचा भयंकर राग यायचा.

या हिवाळ्यात नव्या धानाची आवक वाढली आणि परसराम बॉयलरचा जिना चढताना मध्येच थांबू लागला. विचारलं तर म्हणे, भुशाची धूळ हाय. शेवटी मी आणि पार्वताबाईने त्याला ऑटोत कोंबलं आणि तुमसरला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तिथंही हा खुर्चीवर टेकेना. पंखा का कुरकुरतो ते बघ, दार का लागत नाही ते बघ, असं चाललेलं. त्याला भीती वाटत होती, हे मला तेव्हा कळलं.

हृदयाची सोनोग्राफी झाली. बाई म्हणाल्या, "काका, हृदयाची डावी भिंत जाड झालीय."

परसरामचा चेहरा एकदम खुलला. "पत्रा जाड असला तं चांगलाच ना मॅडम! मजबूत राहते."

"हा पत्रा नाही, मांस आहे. जोर लावून लावून ते हमालाच्या दंडासारखं फुगलंय. भिंत ताठ झाली, आतली जागा नीट भरेना, म्हणून तुम्हाला दम लागतो." मग त्यांनी मोठ्या धमनीचं सांगितलं. ती लवचीक असते. ठोक्याबरोबर फुगते, आणि हृदय सैल पडतं तेव्हा आवळून रक्त पुढे ढकलते, त्यामुळे धार तुटत नाही. दाब वर्षानुवर्षं चढा राहिला की ती कडक होते आणि सगळा भार हृदयावर पडतो.

"पन मले काहीच कसं समजलं नाही?"

"बहुतेकांना समजत नाही."

परसराम पुन्हा उठला, भिंतीपर्यंत जाऊन परत आला. "मंग असं करा मॅडम. आमी दरसाल बॉयलर बंद करतो. थंडा झाला का अंदर उतरून साफ करतो, दुरुस्ती करतो. तसं हे कधी बंद करता तुमी?"

बाई हसल्या नाहीत. "हे बंद करता येत नाही, काका. चालू ठेवूनच सांभाळायचं असतं. गोळी रोज घ्यायची ती त्यासाठीच."

"एकडावही थांबलं नाही हे?"

"तुम्ही आईच्या पोटात होता तेव्हापासून, नाही."

परसरामचा हात छातीवर गेला. त्याचे डोळे भरून आलेले मी पहिल्यांदा पाहिले, आणि माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला.

"बॉयलरले म्या कधी असं वागवलं नसतं," तो म्हणाला. मग बायकोकडे वळला. "पारू, गोळी कुठी हाय?"

पार्वताबाईने पदराची गाठ सोडली आणि आतली गोळी त्याच्या हातावर ठेवली.